फाटलेलें खत आणि खरें माप

वचनें : कलस्सै २ : १३-१४, तीत २ : ९-१४, लूक १९ : १-१०



आपल्या अहमदनगर जिल्ह्याला, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें, दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत : एक दुष्काळ आणि दुसरें कर्ज. ह्या दोन्ही गोष्टी काय आहेत हें आपल्या गांवच्या माणसाला कोणी शिकवावें लागत नाहीं. म्हणून देवाच्या कृपेविषयीं बोलतांना आम्ही आज दूरदेशचा दृष्टांत न घेतां ह्याच मातीतली एक हकीकत घेतों.

१८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं, बाजाराच्या दिवशीं, कर्जानें पिचलेल्या शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेला. थोड्याच दिवसांत तें लोण आपल्या जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें वगैरे तालुक्यांत येऊन पोंचलें. ह्या दंग्यांत एक गोष्ट ठळकपणें दिसून आली. जमावाला सावकाराच्या जिवापेक्षां त्याच्या पेटींतले कागद हवे होते. खतें आणि कोर्टाचे हुकूमनामे हिसकून घ्यावे व जाळून टाकावे, हाच बहुतेक ठिकाणीं लोकांचा हेतु होता. ज्या कागदाखालीं बापानें न वाचतां नांगराची निशाणी केली, त्याच कागदानें मुलाचें शेत गिळलें. म्हणून त्या कागदावरच त्यांचा राग होता. पुढें सरकारनें चौकशी केली आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीं कायदा झाला. तो पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांकरितां होता. खतांत लिहिलेल्या आंकड्यावरच न थांबतां मूळ देणें किती होतें, हें पाहण्याचा अधिकार त्या कायद्यानें न्यायाधीशाला दिला.

आतां विचार करा. खत जळालें म्हणून माणसाचें मन मोकळें झालें काय? नाहीं. ज्यानें रात्रीं खत जाळलें त्याला सकाळीं शिपायाचें भय होतेंच, आणि शेंकडों लोक पकडलेही गेले. कायद्यानें कांहीं अन्याय थांबला खरा. परंतु कायद्यानें हिशेब तपासला, कर्ज आपल्या अंगावर घेतलें नाहीं. दांडगाईनें जाळलेलें खत मागें भीति ठेवतें. न्यायाधीशानें तपासलेलें खत मागें बाकी ठेवतें. पूर्ण सुटका व्हावयाची तर मार्ग एकच उरतो. ज्याचें येणें आहे त्यानेंच तें आपल्या पदरचें भरावें, आपल्याच हातानें खतावर भरपाई लिहावी, आणि ऋणकोच्या डोळ्यांदेखत तें फाडून टाकावें. असा धनको जगाच्या बाजारांत कोणाला भेटला आहे?

बंधुभगिनींनो, आपणांस तो भेटला आहे. पौल प्रेषित कलस्सैकरांस लिहितांना हाच दाखला घेतो. आमच्याविरुद्ध असलेलें खत देवानें पुसून टाकलें, आणि तें ख्रिस्ताच्या वधस्तंभाला खिळून आमच्या वाटेंतून कायमचें काढलें, असें तो सांगतो. लक्षांत घ्या कीं, तें खत खोटें नव्हतें. सावकाराच्या कागदांत कधीं पांचाचे पन्नास झालेले असत. देवाच्या कागदांत एक कवडीही जास्त लिहिलेली नव्हती. प्रत्येक ओळ खरी होती आणि खालची निशाणी आमचीच होती. तरी ज्याचें देणें त्यानेंच तें भरलें. ह्याचेंच नांव कृपा. आम्ही जमाव करून ती हिसकली नाहीं, वकील लावून ती जिंकली नाहीं, आणि दानधर्म करून ती विकतही घेतली नाहीं.

येथवर आपण सर्व एकमतानें आमेन म्हणतों. खरी अडचण पुढें आहे. खत फाटल्यावर मनुष्यानें दुसऱ्या दिवशीं उठून कसें वागावें?

ह्या ठिकाणीं दोन माणसें दोन निरनिराळ्या खड्ड्यांत पडतात. पहिला म्हणतो, देणें फिटलें, आतां हिशेबच कशाला? रविवारीं उपासनेला जावें, क्षमा मागावी, आणि सोमवारीं पुन्हा जुनें माप हातांत घ्यावें. हा प्रश्न नवा नाहीं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत पौलानें तोच घेतला आहे आणि मोठ्या तिटकाऱ्यानें परत लावला आहे. जो कर्जांतून सुटतांच पुन्हा त्याच दुकानीं उधारीचें खातें उघडतो, त्याला कर्जाचें दुःख कधीं कळलेंच नव्हतें, असेंच आपण म्हणूं.

दुसरा मनुष्य दिसावयास फार भाविक असतो. तो म्हणतो, देवानें इतकें दिलें, तर आतां मला त्याची परतफेड केली पाहिजे. म्हणून तो उपास मोजतो, प्रार्थना मोजतो, दान मोजतो. आणि एखाद्या महिन्यांत कमी पडलें तर घाबरून देवापासून तोंड लपवितो. ह्यानें कृपेलाच कर्ज करून ठेवलें आहे. बापानें मुलाला घांस भरविला आणि मुलानें तो वहीत मांडला, तर बापाला आनंद होईल, कीं त्याचें काळीज दुखेल?

पहिला कृपेला सोंग समजतो, दुसरा तिला सावकारी समजतो. पौल तीताला लिहितांना तिसरीच गोष्ट सांगतो. कृपा ही शिक्षिका आहे, असें तो म्हणतो. ती आमच्या घरांत येऊन राहते, आणि अभक्तीला नाहीं म्हणावयास व मर्यादेनें, न्यायानें आणि भक्तीनें वागावयास रोज थोडें थोडें शिकविते. आणि हें लिहिलें कोठें, तेंही पाहा. तीत ज्या क्रेत बेटांत काम करीत होता तेथील लोक लबाडीविषयीं बदनाम होते. त्यांत पुष्कळ विश्वासणारे दास होते. त्यांना पौल सांगतो कीं, धन्याच्या मालांतून कांहीं उचलूं नका, पूर्ण इमान दाखवा, म्हणजे तारणाऱ्या देवाच्या शिक्षणाला शोभा येईल. आणि लगेच पुढच्या वाक्याचा आरंभ तो कारण दाखवून करतो : कारण देवाची कृपा प्रकट झाली आहे. धन्याच्या कणगींतून मूठभर धान्य न उचलणें आणि देवाची सार्वकालिक कृपा, ह्या दोन गोष्टी त्यानें एका दाव्यानें बांधल्या आहेत. आपण त्या सोडूं नयेत.

जक्कयाकडे पाहा. तो यरीहो शहरांतील जकातदारांचा मुख्य होता, श्रीमंत होता आणि लोकांच्या शिव्याशापांचा धनी होता. प्रभूनें त्याला झाडावरून खालीं बोलाविलें तेव्हां आधीं पैसे परत कर, मग तुझ्या घरीं येतों, असें म्हटलें नाहीं. आधीं प्रभु घरीं गेला. हीच कृपा. पण प्रभु घरांत आल्यावर जक्कय काय करतो? तो गाणीं म्हणत नाहीं, रडून दाखवीत नाहीं. उभा राहतो आणि आंकडे सांगतो. अर्धें धन गरिबांस, आणि ज्याला फसविलें असेल त्याला चौपट. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें कबूल केलेल्या लबाडीबद्दल मूळ रक्कम आणि वर पांचवा हिस्सा एवढेंच भरावें लागे; चौपट ही मेंढरूं चोरून मारणाऱ्याची शिक्षा होती. जक्कयानें स्वतःला चोराच्या रांगेंत उभें केलें. कोणी त्याला तसें करावयास सांगितलें नव्हतें. ज्याच्या घरीं प्रभु जेवला, त्याला आपल्या वहीतला खोटा आंकडा पाहवेना. खऱ्या पश्चात्तापाची भाषा पुष्कळदां अंकांत असते.

आतां आपल्या स्वतःच्या घराण्याविषयीं बोलूं. अहमदनगर येथें अमेरिकन मराठी मिशनचें काम १८३१ सालीं सुरू झालें. पुढें राहुरी, वडाळें इत्यादि ठिकाणीं मंडळ्या उभ्या राहिल्या. १८७६-७७ चा दुष्काळ आणि १८९९-१९०० चा दुष्काळ ह्यांत मिशनानें अन्नछत्रें, कामें व अनाथ मुलांचीं घरें चालविलीं, डॉ. रॉबर्ट ह्यूम ह्यांच्या त्या कामाबद्दल सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. त्या वर्षांत व त्यानंतर पुष्कळ कुटुंबें ख्रिस्ती झालीं. तेव्हांपासून एक टोमणा आपल्या मागें लागला आहे. हे लोक पोटासाठीं बाटले, असा तो टोमणा आहे. आपल्यांतील कित्येकांनीं तो चावडीवर ऐकला आहे, मुलांनीं शाळेंत ऐकला आहे, आणि त्याला काय उत्तर द्यावें हें न कळून मान खालीं घातली आहे.

मान खालीं घालूं नका. लूकाच्या पंधराव्या अध्यायांतील धाकटा पुत्र घरीं कां परतला? त्या देशांत मोठा दुष्काळ पडला, असें प्रभूनेंच सांगितलें आहे. तो भुकेनें मरूं लागला, आणि बापाच्या घरच्या चाकरांना पोटभर भाकरी मिळते ही आठवण त्याला झाली. तो पोटासाठींच आला! बापानें दारांत त्याची उलटतपासणी केली नाहीं. त्यानें धांवत जाऊन मिठी मारली, अंगरखा घातला, बोटांत अंगठी घातली. आमच्या आज्या-पणज्यांना भुकेनें वाट दाखविली असेल, तर ती वाट बापाच्या दारापाशींच गेली. भुकेल्याला भाकरी देऊन जवळ घेणें हें देवाला कमीपणाचें वाटलें नाहीं. मग आम्हांस त्याची लाज कां वाटावी?

परंतु टोमण्याचें उत्तर तोंडानें द्यावयाचें नाहीं. कशासाठीं आलों हा प्रश्न त्या बापानें विचारला नाहीं. आल्यावर कसे राहिलों हा प्रश्न मात्र सारा गांव विचारतो, आणि त्याला तो विचारण्याचा हक्क आहे. अंगठी घालून जो पुत्र पुन्हा डुकरांच्या कोंड्याकडे वळला, त्यानें बापाची लाज घालविली. जो घरांत राहिला आणि घराप्रमाणें वागला, त्याच्या आयुष्यानें टोमणा आपोआप गळून पडला.

असें वागणारीं माणसें ह्याच जिल्ह्यांत होऊन गेलीं. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस झाला, आणि त्यानंतर त्यांच्या आयुष्यांतील पुष्कळ वर्षें नगर व राहुरी येथें गेलीं. त्यांना ख्रिस्ती होऊन लाभ काय झाला? नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाई आणि लहान मुलगा ह्यांच्यापासून ताटातूट झाली. पुढें संसार पुन्हा एकत्र आला तरी लक्ष्मीबाईंनीं आपला धर्म सोडला नव्हता. टिळकांनीं आपला विश्वास लपविला नाहीं, आणि तो त्यांच्यावर लादलाही नाहीं. बाईंचा बाप्तिस्मा १९०० सालीं झाला, तो त्यांच्या स्वतःच्या विचारानें झाला. उपदेशक बंधूंनो, हें विशेष ध्यानांत ठेवा. आपल्याच घरांतील माणसाचें नांव यादींत घालण्याची घाई ज्यानें केली नाहीं, त्याच्या शब्दाला वजन येतें. पुढें १९१७ सालीं टिळकांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली आणि देवाचा दरबार नांवाचें काम आरंभिलें. ख्रिस्ताची सेवा पोटाकरितां नाहीं, हें त्यांनीं बोलून सिद्ध केलें नाहीं, पगार सोडून केलें.

आणि लक्ष्मीबाई! त्यांचें स्मृतिचित्रें हें पुस्तक १९३४ सालापासून प्रसिद्ध होऊं लागलें. त्यांत त्यांनीं पतीचा तापटपणा झांकला नाहीं, स्वतःची सोवळ्याओवळ्याची हेकड समजूतही झांकली नाहीं. तरी तें वाचून कोणाचा विश्वास उणा झाला नाहीं. उलट हजारों घरांनीं त्या कुटुंबावर प्रेम केलें. कारण ज्याचें खत फाटलें आहे त्याला आपलें वर्णन रंगवून सांगण्याची गरजच राहत नाहीं. कृपा मनुष्याला खरें बोलण्याचें धैर्य देते. जो क्षमेविषयीं निःशंक आहे तोच स्वतःविषयीं सरळ बोलूं शकतो.

आतां आपल्या गांवीं येऊं. पूर्वी माप म्हणजे पायली आणि शेर. आज माप म्हणजे दूधकेंद्रावरील यंत्र, उसाचा वजनकाटा, कामाचा हजेरीपट. यंत्र नवें असलें तरी त्याच्यापुढें उभा असलेला मनुष्य जुनाच आहे. पहाटे दुधांत एक तांब्या पाणी घालतांना कोणी पाहत नाहीं. पण तेंच दूध कोणाच्या तरी तान्ह्या लेंकराच्या पोटांत जातें. कामावर न गेलेल्या माणसाचें नांव हजेरीपटांत मांडतांना हात थरथरत नाहीं, कारण सगळेच मांडतात. निवडणुकीच्या आदल्या रात्रीं दाराशीं येणारें पाकीट घेतांना आपण म्हणतों, नाहीं घेतलें तर दुसरा घेईल. कोर्टांत देवाची शपथ घेऊन भाऊबंदासाठीं खोटी साक्ष देतांना आपण म्हणतों, रक्ताचें नातें आहे. बंधुभगिनींनो, देवाची शपथ घेणाऱ्या त्याच तोंडानें आपण प्रभुभोजनाची भाकर घेतों.

ह्यावर कोणी म्हणेल, साहेब लोक लाखों खातात, आमचा तांब्याभर पाण्याचा काय हिशेब? खरें आहे, मोठ्यांचें पाप मोठें आहे, आणि त्याविरुद्ध बोललेंही पाहिजे. पण प्रभूनें सांगितलें आहे कीं, जो थोडक्यांत विश्वासू तो पुष्कळांतही विश्वासू असतो. खेड्यांतल्या माणसाच्या हातीं थोडकेंच असतें. म्हणून त्याची पूर्ण परीक्षा थोडक्यांतच होते.

पाळक, उपदेशक आणि पंच ह्यांच्यासाठीं दोन शब्द निराळे. मंडळीची वही ही वेदीइतकीच पवित्र समजा. दानपेटी दोघांनीं मिळून उघडावी, तेथल्या तेथें मोजावी, आणि आंकडा मंडळीपुढें वाचून दाखवावा. ही अविश्वासाची खूण नाहीं. पौलानें यरुशलेमेच्या गरिबांसाठीं वर्गणी नेली तेव्हां त्यानेंही आपल्याबरोबर मंडळ्यांनीं निवडलेलीं माणसें घेतलीं, कारण प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेंही जें चांगलें तें करण्याची त्याला काळजी होती. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय पाहा. आणि अहवालांत बाप्तिस्म्याचे आंकडे फुगवूं नका. ज्या देवानें प्रत्येक मेंढरूं मोजलें आहे, त्याला आमची फुगलेली यादी नको आहे.

आतां एका अवघड गोष्टीविषयीं बोलणें प्राप्त आहे, आणि तें आम्ही जपून बोलतों. आपल्या कित्येक घरांत दोन कागद आहेत. मंडळीच्या नोंदवहींत एक धर्म लिहिलेला असतो आणि जातीच्या दाखल्यांत दुसरा. १९५० सालच्या अनुसूचित जातींच्या आदेशानें ह्या सवलती प्रथम हिंदु धर्मीयांपुरत्या ठेवल्या. १९५६ सालीं शीख आणि १९९० सालीं बौद्ध त्यांत आले. ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. गांवाच्या विहिरीवर आणि पंगतींत ज्याला ख्रिस्ती झाल्यावरही जातीवरून ओळखतात, त्याला सरकारी कागदांत मात्र ती जात नाहीं, हें दुःख खरें आहे. हा आदेश बदलावा म्हणून उघडपणें अर्ज करणें, न्यायालयांत जाणें, हें योग्यच आहे. परंतु आदेश आहे तोंवर मंडळींत ख्रिस्ती आणि कचेरींत हिंदु असें दुहेरी नांव चालविणें निराळें. २६ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशाच एका प्रकरणांत, मनापासून ख्रिस्ती धर्म पाळून केवळ सवलतीकरितां हिंदु म्हणविणें ही राज्यघटनेशीं फसवणूक आहे, अशा आशयाचा निर्णय दिला. पण न्यायालयानें सांगितलें नसतें तरी मनाला तें ठाऊक होतें. ज्या मुलाला आपण बजावतों कीं कचेरींत विचारलें तर ख्रिस्ताचें नांव काढूं नकोस, त्या मुलाला आपण त्या दिवशीं कोणता धर्म शिकविला?

हें वाचून एखादी विधवा आई म्हणेल, माझ्या मुलाची फी कोण भरणार? तिचा हा प्रश्न अगदीं न्यायाचा आहे. ज्याचा पगार चालू आहे त्यानें तिच्यावर दगड उचलूं नये. आणि ह्या प्रश्नाचें उत्तर उपदेशानें द्यावयाचें नाहीं. पहिल्या मंडळींत बर्णबानें शेत विकून पैसा प्रेषितांच्या पायांपाशीं ठेवला. तेव्हां कोणाला कांहीं उणें पडलें नाहीं. त्याच वेळीं हनन्या व सप्पीरा ह्यांनीं कांहीं भाग ठेवून पूर्ण दिल्याचें सोंग केलें. त्यांचा दोष कमी दिल्याचा नव्हता. खोटें बोलल्याचा होता. जी मंडळी आपल्या गरिबाला खरें बोल असें सांगते, तिनें त्या खरेपणाची किंमत त्याच्याबरोबर भरली पाहिजे. गांवच्या मंडळीनें शिक्षणाची एक निराळी पेटी ठेवावी. ज्याला नोकरी आहे त्यानें महिन्याला, ज्याला शेत आहे त्यानें सुगीला त्यांत घालावें. आणि ख्रिस्ती असें उघड लिहूनही कायद्यानें ज्या सवलती व शिष्यवृत्त्या मिळतात त्यांची माहिती काढून अर्ज भरण्यास कोणीतरी शिकलेल्यानें मदत करावी. असें न करतां जो केवळ दोष देतो, तो दुसऱ्याच्या खांद्यावर ओझें ठेवून आपलें बोटही लावीत नाहीं.

शेवटीं आणखी एक माप आहे, आणि तें घरांत असतें. मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत ज्या चाकराला फेडतां न येण्यासारखें कर्ज सोडलें, तो बाहेर पडतांच आपल्या सोबत्याचा शंभर नाण्यांसाठीं गळा धरतो. भावाशीं बांधावरून दहा वर्षें बोलणें बंद. सुनेला एका चुकीवरून रोज टोचणें. मंडळींत पूर्वी पडलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा तेंच ऐकविणें. हीं सर्व आपल्या हातचीं खतें आहेत. देवानें आपलें खत फाडलें आणि आपण भावाचें पेटींत जपून ठेवलें, तर मोठी सुटका आपल्याला खरोखर समजली आहे काय?

मग करावें काय? एकदम सर्व आयुष्य बदलीन अशी शपथ घेऊं नका. अशा शपथा आठवड्यांत मोडतात. कृपा शिक्षिका आहे, ती एकेक धडा देते. ह्या आठवड्यांत एक गोष्ट धरा. रात्रीं दिवा मालविण्यापूर्वी प्रभूपुढें शांत बसून विचारा, माझ्या कोणत्या मापांत खोट आहे? जें एक दिसेल तें उद्यां सरळ करा. कोणाचे पैसे द्यावयाचे असतील तर जाऊन द्या. पूर्ण नसतील तर थोडे द्या आणि बाकी कबूल करा. खोटा शब्द बोललों असूं तर ज्याच्याशीं बोललों त्याच्यापाशींच जाऊन परत घ्या. आणि पुन्हा पडलां तर देवापासून पळूं नका. जो आपलें पाप पदरीं घेतो त्याला क्षमा करण्यास देव विश्वासू आहे, हें योहानाचें पहिलें पत्र आपणांस सांगतें. फाटलेलें खत पुन्हा कोणी सांधूं शकत नाहीं. आपलें सरळ वागणें हें त्या खताचे हप्ते भरणें नव्हे. सुटलेल्या माणसाचें तें मोकळेपणानें चालणें आहे.

एक दिवस असा यावा कीं, गांवच्या दूधकेंद्रावर ख्रिस्ती बाईची किटली आली म्हणजे ती निःशंक पुढें घ्यावी. पंचांत तंटा पडला म्हणजे लोकांनीं म्हणावें, त्या ख्रिस्ती म्हाताऱ्याला विचारा, तो आपल्या पोराच्या बाजूनेंही खोटें सांगणार नाहीं. त्या दिवशीं पोटासाठीं बाटल्याचा टोमणा कोणाच्या ओठांवर येणार नाहीं, आणि आपण न बोलतां सुवार्ता सांगितलेली असेल.

प्रार्थना : हे दयाळु पित्या, आमचें खरें खत तूं आपल्या पुत्राच्या रक्तानें फेडलेंस. आम्ही तें कधीं विसरूं नये. आमच्या मापांत, वहींत, साक्षींत आणि घरांत तुझी कृपा शिक्षिका होऊन राहो. ज्यांना खरें बोलण्याची किंमत जड आहे त्यांच्या ओझ्याला आमचे खांदे दे. आमच्या ह्या कोरडवाहू गांवांत तुझें नांव आमच्यामुळें निंदिलें न जावो, तर आमच्यामुळें त्याला शोभा येवो. प्रभु येशूच्या नांवानें मागतों. आमेन.